फवारणीच्या ड्रममध्ये नेमकं काय होतं? द्रावण, निलंबन आणि पायस ओळखून औषध-खत मिसळण्याची पद्धत

श्रावण संपत आला होता. चोपडा तालुक्यातल्या आमच्या शेतात कपाशी कमरेला लागली होती आणि पात्या-फुलं भरात होती. तुडतुडे दिसत होते, आणि पानांवर लाल्याही चढू लागला होता. मी बाहेरगावी असताना धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, औसद फाटी गयं!"

त्याने 200 लिटरच्या ड्रममध्ये डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट खत), मॅग्नेशियम सल्फेट, झिंक सल्फेट आणि वरून ईसी प्रकारचं, म्हणजे तेलकट द्रावकातलं कीटकनाशक, सगळं एका दमात टाकलं होतं. नासलेल्या दुधासारखा पांढरा चोथा खाली बसला आणि वर तेलाचा तवंग आला. तोवर दोन पंप मारून झाले होते. तिसऱ्या दिवशी त्या ओळींची पानं करपलेली दिसली.

चारही माल चांगला होता आणि मात्राही बरोबर होती. पण ड्रममध्ये गेल्यावर प्रत्येकाचं पाण्याशी काय नातं जुळतं, हे आमच्या घरात कुणी नीट समजून घेतलेलं नव्हतं. मी रसायनशास्त्रात बीएस्सी केलेलं आहे, म्हणजे ते समजावून सांगायचं काम माझं होतं. तेव्हापासून घरी जे शिकवलं आणि जे पाळतो, ते इथे क्रमाने लिहितो.

आधी घरी चार ग्लास मांडा

हा प्रयोग औषधाशिवाय करायचा. काचेचे चार ग्लास घ्या, चारही पाण्याने पाऊण भरा. पहिल्यात चमचाभर युरिया टाका आणि ढवळा. दुसऱ्यात शेतातली काळी माती टाका. तिसऱ्यात दुधाचे पाच-सहा थेंब आणि चौथ्यात चमचाभर खाद्यतेल. आता खोलीत अंधार करा आणि मोबाईलची बॅटरी प्रत्येक ग्लासच्या एका बाजूने लावून दुसऱ्या बाजूने न बघता आडवं बघा.

युरियाच्या पाण्यात प्रकाशाची रेघ दिसत नाही. युरियाचे रेणू पाण्याच्या रेणूंमध्ये एकेक करून शिरलेले असतात. कणांचा आकार एक नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हे खरं द्रावण. कितीही दिवस ठेवलं तरी साका बसत नाही, फडक्याने गाळून वेगळं होत नाही. ग्लासला हात लावून बघा, तो गार लागेल. युरिया विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो. ही गोष्ट पुढे ठिबकच्या टाकीत कामाला येणार आहे.

दुधाच्या ग्लासात मात्र प्रकाशाचा पट्टा स्वच्छ दिसतो. स्निग्धांशाचे आणि प्रथिनांचे कण एवढे मोठे आहेत की प्रकाश विखुरतो, आणि एवढे लहान की खाली बसत नाहीत. याला कलिल म्हणतात. त्यात एका द्रवाचे बारीक थेंब दुसऱ्या द्रवात टिकून राहिले असतील तर त्याला पायस म्हणायचं. प्रकाश विखुरण्याच्या या गुणाला जॉन टिंडॉल या शास्त्रज्ञाच्या नावाने टिंडॉल परिणाम म्हणतात. शाळेत आपण तो पाठ केला होता, ड्रमजवळ त्याचा उपयोग आहे.

मातीच्या ग्लासात वाळू आणि जाड कण दोन-चार मिनिटांत तळाशी जातात. हे निलंबन. पण वरचं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही गढूळच दिसेल, कारण आपल्या काळ्या मातीतली सर्वांत बारीक चिकणमाती कलिलासारखी वागते. तिच्या कणांवर ऋण प्रभार असतो, कण एकमेकांना ढकलतात आणि तरंगत राहतात. पुराच्या दिवसांत तापीचं पाणी भरून ठेवलं की आजी हंड्यात तुरटीचा खडा फिरवायची, ते याचसाठी. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो प्रभार शमवतं, कणांचे पुंजके होतात आणि जड होऊन खाली बसतात.

चौथ्या ग्लासात तेल वर आलं असेल, शेवभाजीवर तर्री येते तसं. कितीही ढवळा, पुन्हा वर येईल. आता त्यात साबणाचं पाणी घाला आणि झाकण लावलेल्या बाटलीत जोरात हलवा. पाणी दुधाळ होईल आणि बराच वेळ तसंच राहील. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलात रुततं आणि दुसरं पाण्याकडे राहतं, त्यामुळे थेंब पुन्हा एक होत नाहीत. ईसी औषधात कंपनीने हेच काम करणारा घटक आधीच घातलेला असतो. म्हणूनच ते पाण्यात पडताच पांढरं होतं.

बाटलीवरची दोन अक्षरं वाचा

औषधाच्या नावापुढे आकडा आणि दोन-तीन अक्षरं छापलेली असतात. दुकानात आपण किंमत आणि नाव बघतो, ही अक्षरं बघत नाही. ड्रममध्ये काय होणार ते त्यांच्यातच लिहिलेलं आहे.

एसएल, एसपी, एसजी: हे पाण्यात विरघळतात. इमिडाक्लोप्रिड 17.8 एसएल, ॲसिटामिप्रिड 20 एसपी, इमामेक्टिन बेंझोएट 5 एसजी ही ओळखीची उदाहरणं. एकदा नीट ढवळलं की काम झालं.

डब्ल्यूपी, डब्ल्यूजी, एससी: हे विरघळत नाहीत, पाण्यात कण होऊन तरंगतात. मॅन्कोझेब 75 डब्ल्यूपी, थायमेथोक्झाम 25 डब्ल्यूजी, क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल 18.5 एससी. एससी हातात द्रव दिसतं म्हणून फसायला होतं, पण ते अतिबारीक घन कणांचं दाट निलंबन आहे. ठेवून ठेवून तळाशी घट्ट बसतं, म्हणून बाटली आधी चांगली हलवायची.

ईसी: औषध तेलकट द्रावकात विरघळवलेलं असतं आणि पाण्यात त्याचं पायस होतं. प्रोफेनोफॉस 50 ईसी, केळीच्या करप्यासाठीचं प्रोपिकोनॅझोल 25 ईसी.

निलंबनाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे सर्वांत जास्त नुकसान होतं आणि ते दिसत नाही. कण खाली बसण्याचा वेग त्याच्या आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दुप्पट मोठा कण चौपट वेगाने बसतो. भुकटी कोरडीच ड्रमवर उधळली की तिच्या गुठळ्या होतात, आतून कोरड्या राहतात आणि भराभर तळ गाठतात. नोझलच्या आतली 50 मेशची जाळी धरली तर तिचं छिद्र साधारण 0.3 मिलिमीटर असतं, भुकटीचा सुटा कण त्याच्या कितीतरी लहान. नोझल चोंदतं ते गुठळीने. त्यातून बॅटरीच्या पंपात ढवळायची सोय बहुधा नसते. पंप भरून बांधावर जेवायला बसलात, तर तेवढ्यात औषध तळाशी जातं. नळी तळाकडून ओढते, म्हणून पहिल्या ओळींना जास्त औषध आणि शेवटच्या ओळींना जवळजवळ नुसतं पाणी. मग "औषधच डुप्लिकेट होतं" असं आपण म्हणतो. उठल्यावर पंप आधी हलवा आणि मगच पाठीवर घ्या.

पाणी तपासा

आमच्याकडे बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. घरच्या घरी तपासायचं तर एका बाटलीत पावसाचं आणि दुसरीत बोअरचं पाणी सारखं घ्या. दोन्हीत कपड्याच्या साध्या साबणाचा सारखाच चुरा टाका आणि हलवा. डिटर्जंट पावडर नको, तिने फरक कळत नाही. पावसाच्या पाण्याला भरपूर फेस येईल. जड पाण्यात फेस कमी आणि पांढरा चोथा जास्त, कारण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतात. ईसीमधल्या पायस टिकवणाऱ्या घटकावरही असाच ताण येऊ शकतो. ग्लायफोसेटसारखं तणनाशक तर कॅल्शियमला स्वतःच चिकटतं आणि निकामी होतं.

गढूळ पाणी ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट या तणनाशकांसाठी कधीच वापरू नका. ही दोन्ही चिकणमातीला घट्ट धरतात. पाटाचं किंवा नदीचं पाणी रात्रभर ड्रममध्ये निवळू द्या आणि वरचंच घ्या. तुरटीने निवळलेलं पाणीही ग्लायफोसेटला नको, कारण ते ॲल्युमिनियमलाही चिकटतं.

पीएच पट्टी दुकानात मिळते, एक डबी आणून ठेवा. पीएच 8 च्या वर असेल तर मॅलाथिऑन, डायमेथोएट यांसारखी औषधं लवकर विघटित होतात. अशा पाण्यात तयार केलेलं औषध दुपारपर्यंत ठेवू नये.

मात्रेचा हिशेब

1 टक्का म्हणजे 100 लिटरला 1 किलो, म्हणजे लिटरला 10 ग्रॅम. 2 टक्के युरिया 15 लिटरच्या पंपाला 300 ग्रॅम. तुमचा पंप 15 चा आहे की 16 चा, ते एकदा मोजून घ्या. पीपीएम म्हणजे लिटरला 1 मिलिग्रॅम. पातेगळी थांबवायला मारतात ते एनएए हे संजीवक 4.5 टक्क्यांचं असतं, म्हणजे 1 मिलीत 45 मिलिग्रॅम. 10 पीपीएमसाठी ते 4.5 लिटर पाण्याला 1 मिली, 15 लिटरच्या पंपाला 3.3 मिली. एवढं कमी माप झाकणाने मोजता येत नाही. त्यासाठी सिरिंज ठेवा, आणि ती दुसऱ्या कशालाही वापरू नका.

टाकण्याचा क्रम

हातमोजे, मास्क आणि चष्मा घातल्याशिवाय झाकण उघडू नका. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने 20 च्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. ड्रमजवळ उभं राहून दाट औषध हाताळण्याचा वेळ फवारण्याइतकाच धोक्याचा असतो. हाताने ढवळणं तर कधीच नको.

ड्रम अर्धा पाण्याने भरा. सुरुवात न विरघळणाऱ्यांपासून करायची: डब्ल्यूपी किंवा डब्ल्यूजी. भुकटी वेगळ्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून तिची सरसरीत पेज करा. बेसन भिजवताना आधी थोडंच पाणी घालून गुठळ्या मोडतो, तीच रीत. ती पेज ड्रममध्ये ओतून काठीने दोन-तीन मिनिटं ढवळा. मग हलवलेलं एससी. मग ईसी, बारीक धारेने आणि ढवळत. त्यानंतर एसएल आणि विरघळणारी खतं, तीही बादलीत आधी विरघळवून. पाणी पूर्ण भरा आणि स्टिकर अगदी शेवटी, नाहीतर फेसाने ड्रम भरतो. स्टिकर म्हणजे पाण्याचा पृष्ठताण कमी करणारा पदार्थ. केळीच्या मेणचट पानावर थेंब घरंगळतो, तो यामुळे पसरतो.

हा क्रम असाच का? भुकटीला भिजायला मोकळं पाणी लागतं. ईसी आधी गेलं तर भुकटीच्या कणांवर तेल बसतं, ते भिजत नाहीत आणि काळपट लोण्यासारखे गोळे होतात. क्षार आधी भरपूर विरघळलेले असतील तर पायस नीट बांधलंच जात नाही. आमच्या ड्रममध्ये वर आलेला तवंग हा त्याचाच होता.

आणि खालचा चोथा? डीएपीतला फॉस्फेट झिंकला भेटला की झिंक फॉस्फेट होतं, मॅग्नेशियमला भेटला की मॅग्नेशियम-अमोनियम फॉस्फेट. दोन्ही पाण्यात जवळजवळ न विरघळणारी. दोन स्वच्छ द्रावणं एकत्र आली आणि त्यातून घन पदार्थ जन्मला. ढवळून तो परत विरघळत नाही, कारण आता तो वेगळाच पदार्थ आहे.

माझं मत विचाराल तर लेबलवर ज्याची शिफारस नाही ते मिश्रण करूच नये, आणि एका फवारणीत दोनपेक्षा जास्त गोष्टी घालू नयेत. मजुरी वाचवायला चार गोष्टी एकत्र केल्या आणि चौघींचंही काम गेलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पिण्याच्या पाण्याला कधीच न वापरायची एक बाटली

दोन वस्तू एकत्र करणारच असाल तर आधी लिटरच्या पारदर्शक बाटलीत करून बघा. त्याच विहिरीचं किंवा बोअरचं पाणी, तीच मात्रा, तोच क्रम. झाकण लावा, दहा वेळा उलटी-सुलटी करा आणि सावलीत अर्धा तास ठेवा. चोथा, गोळे, जेलीसारखी गाठ, वर तेलाचा थर किंवा बाटली गरम लागणं, यातलं काहीही दिसलं तर ते मिश्रण रद्द. नुसता थोडा साका बसला आणि एकदा उलटी केल्यावर पुन्हा सारखा झाला, तर ते साधं निलंबन आहे, चालेल. फक्त पंप हलवत राहावा लागेल. बाटलीवर खूण करून ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

तीन मिश्रणं, जी आपण स्वतः बनवतो

डीएपीची निवळी. कपाशीला बोंडं भरताना 2 टक्के डीएपी देतात. दाणे थेट पंपात टाकले तर न विरघळणारा भाग नोझलमध्ये अडकतो. 300 ग्रॅम डीएपी तीन लिटर पाण्यात संध्याकाळी भिजत घाला. सकाळी न ढवळता वरची निवळी हलक्या हाताने ओता, फडक्याने गाळा आणि पंप भरा. तळाचा गाळ वाफ्यात टाका, त्यातही अन्न आहे.

निंबोळी अर्क, 5 टक्के. आपल्याकडे बांधाबांधावर कडुनिंब आहे, तरी विकत आणतो, याचं वाईट वाटतं. 5 किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्यातून पिळून घ्या. 200 ग्रॅम साबण 1 लिटर पाण्यात वेगळा विरघळवून त्यात मिसळा आणि एकूण 100 लिटर करा. साबण विसरू नका. निंबोळीतलं तेल पाण्यात टिकतं ते त्याच्यामुळे. निंबोळीतलं किडीवर काम करणारं द्रव्य, अझाडिरॅक्टिन, उन्हात लवकर नष्ट होतं, म्हणून संध्याकाळी फवारा आणि त्याच दिवशी संपवा.

बोर्डो मिश्रण, 1 टक्का. फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिलार्दे यांनी 1885 मध्ये द्राक्षाच्या केवडा रोगावर ते मांडलं. आपल्याकडे शहाद्याकडची पपई असो की लिंबू-मोसंबी, त्याचा उपयोग अजून आहे. बनवताना घाई केली तर झाडालाच चटका बसतो.

1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) फडक्यात बांधून 50 लिटर पाण्याच्या प्लास्टिक ड्रममध्ये वरच्या बाजूला लटकवा. मोरचुदाचं पाणी जड होऊन खाली उतरतं, वर ताजं पाणी येत राहतं आणि खडे ढवळल्याशिवाय विरघळतात. दुसऱ्या ड्रममध्ये 1 किलो कळीचा चुना आधी थोडं-थोडं पाणी शिंपडून फोडा. तो उकळी फुटल्यासारखा तापतो, चेहरा लांब ठेवा. थंड झाल्यावर गाळून 50 लिटर करा. आता दोन्ही पाणी तिसऱ्या ड्रममध्ये एकाच वेळी, सारख्या धारेने ओता आणि लाकडी काठीने ढवळत राहा. दोन्ही गार असायला हवीत. गरम मिश्रणात जाड कण होतात आणि ते पानाला नीट चिकटत नाहीत.

होतं काय, तर विरघळलेलं तांबं चुन्याला भेटून न विरघळणारं बनतं आणि आकाशी रंगाचं बारीक निलंबन तयार होतं. पानावर वाळल्यावर ते सहज धुऊन जात नाही, तांबं थोडं थोडं सुटत राहतं. मोरचुदाचं नुसतं द्रावण मारलं असतं तर सगळं तांबं एकदम पानात शिरून पान जळालं असतं. रसायनशास्त्राच्या हिशेबाने शुद्ध कळीचा चुना 1 किलो मोरचुदाला पाव किलोही पुरतो. पण बाजारातला चुना कधी जुना असतो, कधी हवेने मेलेला, म्हणून बरोबरीने घेतात आणि तरीही तपासतात.

तपासणी अशी: घासून स्वच्छ केलेला लोखंडी विळा मिश्रणात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे. चुन्याची निवळी घालून पुन्हा बघा. थर येईनासा झाला की तयार. लोखंडी किंवा जस्ती पत्र्याचा ड्रम चालत नाही तो याच कारणाने, विळ्यावर जे होतं ते अख्ख्या ड्रमला होतं. त्याच दिवशी वापरा. चुन्यामुळे बोर्डो आम्लारिधर्मी असतं, म्हणून त्यात दुसरं कीटकनाशक मिसळू नका.

ठिबकच्या टाकीत

इथे सगळं द्रावणच लागतं, निलंबनाला जागा नाही. विद्राव्यतेला मर्यादा असते आणि ती तापमानाने बदलते. 20 अंशाला लिटरभर पाण्यात युरिया साधारण एक किलो विरघळतो, 13:0:45 (पोटॅशियम नायट्रेट) सुमारे 315 ग्रॅम आणि 0:0:50 (पोटॅशियम सल्फेट) फक्त 110 ग्रॅमच्या आसपास. थंडीत पाणी 10 अंशाला आलं की 13:0:45 ची मर्यादा सुमारे 210 ग्रॅमवर येते. पौषातल्या सकाळी केळीच्या बागेत टाकीच्या तळाशी खडे दिसतात, ते भेसळीचेच असतात असं नाही. वर युरिया आणि 13:0:45 दोन्ही पाणी गार करतात. त्यामुळे थोडं-थोडं टाका आणि पाणी जास्त घ्या; शक्य असेल तर दुपारी विरघळवा.

कॅल्शियम नायट्रेट कायम वेगळ्या दिवशी. फॉस्फेटबरोबर ते कॅल्शियम फॉस्फेट करतं आणि सल्फेटबरोबर जिप्सम. जिप्सम लिटरला जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं. दाट टाकीत ते खाली बसतं आणि ड्रीपरमध्ये दगड होतो. जड पाण्याचा पांढरा थर काढायला आम्ल सोडताना आम्ल पाण्यात ओता, आम्लात पाणी कधीच नाही.

पंप धुताना

संध्याकाळी पंप तीनदा धुवा आणि ते पाणी त्याच पिकात फवारा; विहिरीकडे किंवा नाल्याकडे जाऊ देऊ नका. एसएल प्रकारचं औषध साध्या पाण्याने निघून जातं, कारण ते विरघळतं. ईसी तेलकट असल्याने रबरी वायसरमध्ये आणि नळीत मुरून बसतं, त्याला साबणाचं पाणी रात्रभर भरून ठेवावं लागतं. ज्वारी-मक्यात टू-फोर-डी मारलेला पंप मात्र कितीही धुतला तरी कपाशीत नेऊ नका. या तणनाशकाचा अगदी किंचित अंशही कपाशीची पानं बेडकाच्या पायासारखी करतो, आणि त्याचा एस्टर हा प्रकार तेलकट असल्यामुळे नळीतून पूर्ण निघत नाही. आमच्याकडे त्याचा पंप वेगळा आहे. त्यावर लाल रंगाचा जाड पट्टा मारलाय, आणि तो औषधांच्या खोलीत नाही, गोठ्याच्या मागे टांगलेला असतो.